भिंतीआड आणि दाबाखाली: वनस्पती पेशी पटलावरचे प्रथिन आत कसे घेते?

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "प्राणिपेशीतले एन्डोसायटोसिस, म्हणजे पेशीचे पटल आत वळवून त्याची छोटी पिशवी (पुटिका) करून आत घेणे, आम्ही शिकलो. पण वनस्पती पेशीला बाहेरून भिंत आहे आणि आतून पाण्याचा दाब आहे. मग ती पटलावरचे प्रथिन आत खेचते कशी? खेचून तिचे साधते काय? आणि माझ्या रोपांच्या मुळांना ब्रेफेल्डिन ए (पेशीतली पुटिकांची वाहतूक अडवणारे रसायन) दिल्यावर पेशींत चमकणारे ठिपके दिसले, तेवढ्यावर एन्डोसायटोसिस सिद्ध झाले असे लिहू का?"

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. नाही, तेवढ्यावर लिहू नका. का, ते कळायला पहिले दोन भाग नीट समजून घ्यावे लागतील, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

शाळेच्या पुस्तकात एन्डोसायटोसिसला 'पेशीय भक्षण' म्हटले आहे. अमिबाला तो शब्द शोभतो. वनस्पतीच्या बाबतीत तो मनातून काढून टाकलेला बरा, कारण तो पहिल्याच पावलाला चुकीच्या दिशेने नेतो. प्राणिपेशीतले गाजलेले उदाहरण म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण. ग्राही प्रथिन त्या कणाला धरते आणि कणासकट आत जाते. या कामासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. एलडीएलचा कण सुमारे २२ नॅनोमीटरचा असतो आणि वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतली छिद्रे जेमतेम ४-५ नॅनोमीटरची. असला कण पटलापर्यंत पोचणारच नाही. भिंतीतून पलीकडे जातात ते आयन, साखर, संप्रेरके, लहान पेप्टाइड आणि फार तर छोटी प्रथिने. आयन, साखर यांच्यासारख्या लहान गोष्टींसाठी पटलावर वाहक प्रथिने असतातच, त्यासाठी पटलाची पुटिका करून गिळायची गरज नाही. (कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत अख्खा रायझोबियम पटलात गुंडाळून आत घेतला जातो. तो अपवाद मोठा आणि सुंदर आहे, पण त्यावर वेगळे लिहावे लागेल.) म्हणजे वनस्पती पेशी एन्डोसायटोसिस करते ती मुख्यतः पटलावरच्या प्रथिनांचा कारभार पाहण्यासाठी: कोणता वाहक किती वेळ दारात उभा ठेवायचा, कोणता उचलायचा, उचललेला परत पाठवायचा की मोडीत काढायचा. जागा सोडून जाता न येणाऱ्या जिवाला मातीतून काय आत येते यावर ताबा हवा असेल, तर दारातला वाहक काढून घेणे हा एक खात्रीचा मार्ग आहे.

आता दाबाकडे येऊ. ताज्या, टवटवीत पेशीतला दाब साधारण ०.३ ते १ मेगापास्कल असतो. चारचाकीच्या टायरमध्ये आपण सुमारे ०.२२ मेगापास्कल हवा भरतो. म्हणजे मुळातली साधी पेशी टायरच्या दीडपट ते चौपट दाबाने फुगलेली असते आणि तिचे पटल भिंतीवर आतून घट्ट दाबलेले असते. त्या पटलाला आत खळगा पाडायचा म्हणजे दाबाविरुद्ध जोर लावायचा.

किती जोर, याचा ढोबळ हिशेब माझ्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवतो, तुम्हीही एकदा कागदावर करा. पुटिका ६० नॅनोमीटर व्यासाची आणि दाब ०.५ मेगापास्कल धरा. घनफळ गुणिले दाब केले की सुमारे ५.६ × १०⁻¹⁷ जूल येतात. पेशीत एटीपीचा एक रेणू फुटला की अंदाजे ८ × १०⁻²⁰ जूल मिळतात. म्हणजे एका पुटिकेला सातशेच्या घरात एटीपींइतकी ऊर्जा केवळ दाबाविरुद्ध लागते. दाब नसता, तर पटल गोल वाकवायला पंचवीस-तीस एटीपींइतकी ऊर्जा पुरली असती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की १९८० च्या सुमारास अनेक शरीरक्रियातज्ज्ञ 'टवटवीत वनस्पती पेशीत एन्डोसायटोसिस जवळजवळ अशक्य' असे का म्हणत होते ते समजते. त्यांचा हिशेब बरोबर होता. पेशीने त्यावर काय उपाय शोधला आहे, ते तेव्हा दिसले नव्हते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र वनस्पतींच्या पटलावर क्लॅथ्रिनचे अस्तर असलेले खळगे दिसत होते. १९८४ साली सोयाबीनच्या, भित्तिका काढून टाकलेल्या पेशींना धनभारित फेरिटिन (लोह असल्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणारे प्रथिन) दिले, तेव्हा ते खळग्यांतून आत जाऊन टप्प्याटप्प्याने रिक्तिकेच्या दिशेने जाताना दिसले. शंका घेणाऱ्यांकडे उत्तर तयार होते: भित्तिका काढली म्हणजे दाबही गेला, मग त्यातून टवटवीत पेशीबद्दल काय कळणार? ही शंका रास्त होती. ती फिटायला चमकणारी प्रथिने, एफएम ४-६४ सारखे पटल रंगवणारे रंग आणि जिवंत मुळात पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक, एवढे सगळे यावे लागले. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात, भिंत आणि दाब जागेवर असताना, ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक बाहेर टाकणारे पिन प्रथिन क्लॅथ्रिनच्या मार्गाने सतत आत येते, हे २००७ साली ठामपणे दाखवले गेले.

क्लॅथ्रिन हे तीन पायांचे प्रथिन आहे. तीन जड साखळ्या आणि तीन हलक्या साखळ्या मिळून एक तिपाई होते, अशा तिपाया एकमेकींत अडकून जाळीदार टोपली विणली जाते. ही टोपली प्राणी, यीस्ट आणि वनस्पती, सगळ्यांत आहे. फरक आहे तो टोपली विणणाऱ्यांत आणि पटल वाकवणाऱ्यांत.

यीस्टलाही भिंत आहे, दाबही आहे. यीस्ट हे काम ॲक्टिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाच्या तंतूंवर सोपवते. तंतूंचे जाळे खळग्याला आत ओढते, ॲक्टिन बिघडवले की यीस्टचे एन्डोसायटोसिस थांबते. वनस्पतीही तेच करत असणार असे आम्ही बरीच वर्षे धरून चाललो होतो. ऑस्ट्रियातल्या एका गटाने २०२० साली मुळातल्या पेशींत ॲक्टिन बिघडवून पाहिले, तर पटलावर पुटिका होतच राहिल्या. अडथळा आला तो पुढच्या प्रवासात, म्हणजे आत आलेल्या पुटिका पहिल्या थांब्यापर्यंत पोचण्यात. दाबाविरुद्ध वाकवण्याचे काम वनस्पतीने दुसऱ्याच कुणाला दिले आहे.

तो दुसरा म्हणजे टीप्लेट संकुल. बेल्जियममधल्या घेंटच्या गटाने २०१४ साली या आठ प्रथिनांच्या संकुलाची पूर्ण ओळख करून दिली. प्राण्यांत ते नाही, यीस्टमध्येही नाही. डिक्टिओस्टेलियम या एकपेशीय जिवात त्याचा भाऊबंद सापडतो, म्हणजे हे यंत्र फार जुने आहे आणि आपल्या वंशाने ते वाटेत गमावले. वनस्पतीने मात्र ते इतके जपले की त्याच्यावाचून तिचे चालत नाही. टीप्लेटच्या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडलेल्या झाडाचा परागकोश फोडून पाहिला, तर निम्मे परागकण गोल आणि भरलेले, निम्मे सुरकुतून गेलेले दिसतात. बिघडलेली प्रत वाट्याला आलेला प्रत्येक परागकण मरतो, म्हणून दोन्ही प्रती बिघडलेले रोप कधी मिळतच नाही. याउलट एपी-२ हे संकुल, जे प्राणिपेशीत क्लॅथ्रिनला पटलाशी जोडणारा मुख्य दुवा म्हणून शिकवतात, ते अराबिडॉप्सिसमध्ये बिघडवले तर रोप खुरटते, बी कमी धरते, पण जगते. या एका तुलनेवरून कोण अपरिहार्य आहे ते कळते.

२०२१ साली टीप्लेट पुटिकेच्या कडेला, घडण होत असलेल्या टोपलीच्या काठावर बसते, हे दिसले. त्याच कामात टीप्लेट बिघडवल्यावर क्लॅथ्रिन पटलावर जमा होते पण सपाटच राहते, गोल होत नाही, हेही दिसले. शेवटी देठ तोडायला डायनामिनसारखी प्रथिने येतात. पटलाच्या अगदी लगतचा थर तेवढा उजळणाऱ्या सूक्ष्मदर्शकात हे सगळे पाहताना काळ्या पडद्यावर बारीक ठिपका उगवतो, वीस-तीस सेकंद तेजाळतो आणि एकदम दिसेनासा होतो. शेजारी दुसरा उगवलेला असतो. एका पेशीच्या पृष्ठभागावर असे शेकडो ठिपके एकाच वेळी उगवत-मावळत असतात. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी किती तरी वेळ काहीही न मोजता नुसता पाहत बसलो होतो.

टोपली तयार झाली, पण तिच्यात कोणते प्रथिन बसणार? याचे दोन मार्ग मुख्य आहेत. काही प्रथिनांच्या आतल्या बाजूच्या शेपटीत टायरोसिन, मग कोणतीही दोन अमिनो आम्ले, मग एक पाण्यापासून दूर राहणारे अमिनो आम्ल, अशी छोटी खूण असते. एपी-२ चा एक भाग ती ओळखतो. दुसरा मार्ग युबिक्विटिनचा. ७६ अमिनो आम्लांचे हे छोटे प्रथिन दुसऱ्या प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लावर चिकटवले जाते. त्याची साखळी युबिक्विटिनच्या स्वतःच्या ४८ व्या लायसिनमधून वाढली तर प्रथिन साधारणपणे प्रोटिॲझोमकडे, म्हणजे पेशीद्रव्यातल्या प्रथिने तोडणाऱ्या यंत्राकडे, जाते. ६३ व्या लायसिनमधून वाढली तर पटलावरच्या प्रथिनासाठी ती रिक्तिकेकडे नेणारी चिठ्ठी ठरते. हा ४८ आणि ६३ चा फरक पक्का लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत आल्यावरचा पहिला थांबा प्राणिपेशीपेक्षा वेगळा आहे. प्राण्यांत त्यासाठी अर्ली एन्डोझोम ही आत आलेला माल वेगळा करणारी स्वतंत्र पिशवी असते. वनस्पतीत ते काम ट्रान्स-गॉल्जी जाळेच, म्हणजे गॉल्जीचे माल बाहेर पाठवणारे टोक, करते, हे २००६ साली स्पष्ट झाले. म्हणजे गॉल्जीतून बाहेर निघालेला नवा माल आणि पटलावरून परत आलेला जुना माल एकाच ठिकाणी भेटतात. तुमच्या ठिपक्यांची सगळी अडचण या एका वाक्यात आहे, तिच्याकडे शेवटी येतो. तिथून काही प्रथिने पुन्हा पटलावर जातात. युबिक्विटिनची चिठ्ठी असलेली बहुपुटिका पिंडांत जातात. तिथे पिंडाचे बाहेरचे पटल आतल्या बाजूला मुरडून लहान पुटिका होतात आणि प्रथिन त्यांच्यात बंद होते. ही मुरड महत्त्वाची आहे. तोपर्यंत ग्राही प्रथिनाची शेपटी पेशीद्रव्यात लोंबत असते आणि संदेश देऊ शकते. आतल्या पुटिकेत गेली की तिचा पेशीद्रव्याशी संबंध तुटतो. मग पिंड रिक्तिकेत मिसळतो आणि प्रथिन पचवले जाते.

'खेचून साधते काय' याला मी नेहमी एकाच वाहकाचे उदाहरण देतो, आयआरटी१. मातीतले लोह मुळात घेणारा हा वाहक १९९६ साली सापडला. तो नसलेले अराबिडॉप्सिसचे रोप पिवळे पडते आणि वरून भरपूर लोह दिले नाही तर मरते. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा मुळांत हीच धडपड चाललेली असते. जमिनीत लोह असते, पण विम्लतेमुळे विरघळत नाही. भुईमुगाचे मूळ आम्ल सोडते, फेरिक लोहाचे फेरस करते आणि आयआरटी१ जातीच्या वाहकाने ते आत घेते. शेतकरी हिराकस फवारतात ते हेच फेरस लोह पानांतून पुरवण्यासाठी. (ऊस, ज्वारी ही गवते लोह वेगळ्या रीतीने घेतात, त्यांना हे जसेच्या तसे लावू नका.)

अडचण अशी की आयआरटी१ निवडक नाही. लोहाबरोबर तो जस्त, मँगॅनीज, कोबाल्ट आणि कॅडमियमही आत घेतो. लोहाची टंचाई असली की झाड आयआरटी१ वाढवते, आणि वाहक वाढले की नको असलेले धातूही लोंढ्याने येतात. जस्त, मँगॅनीज थोडे हवेच असतात, पण जास्त झाले की विष. मग झाड काय करते?

ग्रेगरी व्हेर यांच्या गटाने फ्रान्समध्ये २०११ पासून पुढे हे एकेक पायरीने उलगडले. आयआरटी१ च्या पेशीद्रव्यातल्या वळशात १५४ वे आणि १७९ वे अशी दोन लायसिन आहेत. त्यांवर सुटे सुटे युबिक्विटिन बसले की वाहक पटलावरून ट्रान्स-गॉल्जी जाळ्यात येतो. नेहमीच्या परिस्थितीत त्याचा मोठा हिस्सा तिथेच दिसतो. पटलावर शोधायला गेलात तर थोडाच सापडतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपले काही चुकले असे वाटते. लोहेतर धातू मातीतून काढून टाकले, तर मात्र आयआरटी१ पटलावर जमा होतो, तोही पेशीच्या मातीकडच्या बाजूलाच.

वाहकाला कसे कळते की बाहेर जस्त फार झाले? २०१८ च्या कामाचे उत्तर मला या सगळ्या विषयातले सर्वांत देखणे वाटते. त्याच वळशात हिस्टिडिन या अमिनो आम्लाची दाटी आहे. जस्त, मँगॅनीज, कोबाल्ट आत आले की ते या हिस्टिडिनना थेट चिकटतात. ते चिकटले की सीआयपीके२३ हे किनेज येऊन वाहकावर फॉस्फेट बसवते. फॉस्फेट दिसले की आयडीएफ१ हे एन्झाइम येते आणि आधीच्या सुट्या युबिक्विटिनची ६३ व्या लायसिनमधून साखळी वाढवते. साखळी झाली की वाहकाचा परतीचा रस्ता बंद, तो बहुपुटिका पिंडातून रिक्तिकेत जातो. वाहकानेच आत आणलेला धातू वाहकाला चिकटून त्याच्या मोडीची सूचना देतो. वाहक आणि संवेदक एकच.

दोन्ही लायसिन बदलून टाकलेली रोपे वाढवली, तर आयआरटी१ पटलावरून हलत नाही. सहज वाटेल की लोह घेणारा वाहक कायम दारात, म्हणजे झाड जोमदार होणार. प्रत्यक्षात रोपे खुरटतात, धातूंच्या अतिरेकाने होरपळतात. लोह भरपूर घेणारे वाण घडवायचे म्हणून वाहकाची नुसती संख्या वाढवण्याची कल्पना ऐकली की मला ही रोपे आठवतात. वाहक किती तयार झाले यापेक्षा ते पटलावर किती वेळ टिकतात, हा प्रश्न आधी विचारावा.

बोरॉनचा वाहक बोर१ याच जातीचा. बोरॉन कमी असताना तो पेशीच्या आतल्या, मुळाच्या मध्याकडच्या बाजूला असतो आणि बोरॉन पुढे ढकलतो. बोरॉन वाढवले की काही तासांत तो रिक्तिकेत जाऊन नष्ट होतो, हे जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवले. कमतरता आणि विषबाधा यांत बोरॉनचे अंतर फार थोडे आहे, म्हणून हा चोख बंदोबस्त.

ग्राहींची गोष्ट जराशी वेगळी. एफएलएस२ हा ग्राही जिवाणूच्या शेपटीतला २२ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतो. तो तुकडा पानाला दिला की पहिल्या काही मिनिटांत झाडाचा बचाव सुरू होतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात पटलावरचा एफएलएस२ ठिपक्यांच्या रूपाने आत दिसू लागतो. तासाभरात पटल बरेच रिकामे होते. झाड त्या संदेशाला काही काळ बधिर होते, नवा ग्राही तयार झाला की पुन्हा जागे होते. पण ब्रासिनोस्टेरॉइड या वाढीच्या संप्रेरकाचा ग्राही बीआरआय१, ते संप्रेरक असो-नसो, सतत आत-बाहेर करत असतो. तेव्हा 'ग्राहीला काही चिकटले की तो आत जातो' असा सर्वसाधारण नियम परीक्षेत लिहू नका. प्रत्येक प्रथिनाचे वेगळे पाहावे लागते.

आता तुमचे ठिपके.

ब्रेफेल्डिन ए हे एका बुरशीचे रसायन. ते पुटिका तयार करायला लागणारी काही प्रथिने बंद पाडते. अराबिडॉप्सिसच्या मुळात त्याचा ओळखीचा बळी म्हणजे नोम हे प्रथिन. ५० मायक्रोमोलर ब्रेफेल्डिन तासभर दिले की ट्रान्स-गॉल्जी जाळ्याच्या पुटिका एकमेकींत अडकून पेशीच्या मध्याशी, केंद्रकाच्या शेजारी, एक-दोन मोठे गोळे होतात. गॉल्जीचे ढीग त्यांच्या भोवती कडे करून बसतात. पिन१ सारखे प्रथिन या गोळ्यांत जमते. २००१ साली यावरूनच पिन१ पटल आणि एन्डोझोम यांच्यात सतत फिरते असे सांगितले गेले, आणि २००३ साली नोम ब्रेफेल्डिनला दाद न देणारे केल्यावर पिन१ पटलावरच राहिले. हे काम मोलाचे आहे. पण नोमचे नेहमीचे ठिकाण मुख्यतः गॉल्जी आहे हे पुढे कळले, त्यामुळे 'गोळा म्हणजे थेट अडलेला परतीचा माल' हे सोपे वाचन आता पुरत नाही.

आणि मघाशी म्हटलेली अडचण: त्या गोळ्यात पटलावरून आलेला माल आहे, तसाच नुकताच तयार झालेला, पटलावर कधीच न गेलेला मालही आहे. दोन्हींचा थांबा एकच. तुम्हाला दिसलेला ठिपका बाहेरून आत आला की आतून बाहेर निघाला होता, हे एका चित्रावरून कळत नाही. मी स्वतः ही चूक केली आहे. एका वाहकाचे ठिपके पाहून आम्ही तीन महिने 'आत घेतले जाते' या दिशेने काम केले. मग प्रथिननिर्मिती बंद करून तोच प्रयोग केला, तर ठिपके उरलेच नाहीत. ते सगळे नवे प्रथिन होते, बाहेर निघालेले आणि वाटेत अडलेले. ते तीन महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे मुद्दाम सांगतो.

म्हणून पहिली गोष्ट, प्रथिननिर्मिती बंद करणारे सायक्लोहेक्सिमाइड. ५० मायक्रोमोलर, ब्रेफेल्डिनच्या अर्धा तास आधीपासून आणि नंतर सोबतही. तरी गोळे आले तर त्यांत जुना, पटलावरचा माल आहे असे म्हणायला जागा होते. सोय असेल तर याहून चांगला उपाय म्हणजे प्रकाशाने रंग बदलणारे प्रथिन: पटलावरच्या पट्ट्यात हिरव्याचे लाल करा आणि लाल ठिपके आत येतात का ते पाहा. लाल जे काही दिसेल ते पटलावरूनच आलेले असेल. त्याशिवाय ब्रेफेल्डिन धुऊन टाकून दीड-दोन तासांनी गोळे विरतात आणि पटल पुन्हा उजळते का, तेही नोंदवा. ब्रेफेल्डिन ज्या द्रावकात विरघळवले, तो तेवढाच द्रावक दिलेली मुळे शेजारी हवीतच.

दुसरी गोष्ट, एफएम ४-६४ सोबत वापरा. हा लाल चमकणारा रंग पटलाच्या बाहेरच्या थरात शिरतो आणि आपणहून आरपार जात नाही, म्हणून आत दिसला तर पुटिकेतूनच आला. २ ते ४ मायक्रोमोलर द्रावणात पाच मिनिटे, बर्फावर ठेवून, मग धुऊन घड्याळ लावा. मुळाच्या टोकाजवळच्या पेशींत पाच-दहा मिनिटांत बारीक ठिपके दिसतात, दोन-तीन तासांनी रंग रिक्तिकेच्या पटलावर पोचतो. तुमच्या प्रथिनाचे ठिपके पहिल्या दहा मिनिटांच्या लाल ठिपक्यांवर बसतात की उशिराच्या, यावरून थांबा ओळखता येतो.

तिसरी गोष्ट, रसायनांवर फार विसंबू नका. टायरफोस्टिन ए२३ वर्षानुवर्षे 'क्लॅथ्रिनचा मार्ग अडवणारे' म्हणून वापरले गेले, एन्डोसिडिन९ ही तसेच. मग २०१६ साली कळले की ही रसायने पेशीद्रव्य आम्ल करतात, आणि एन्डोसायटोसिस थांबते ते मुख्यतः त्यामुळे. नंतर एन्डोसिडिन९ मध्ये फेरफार करून ईएस९-१७ तयार केले, ते क्लॅथ्रिनच्या जड साखळीवर काम करते आणि पेशी आम्ल करत नाही. तेच वापरा, पण सोबत जनुकीय पुरावा जोडा: एपी-२ बिघडलेली रोपे किंवा हवे तेव्हा टीप्लेट कमी करता येणारी रोपे. रसायन आणि जनुक दोन्हींचे म्हणणे एक आले तर परीक्षकासमोर उभे राहता येते.

प्रथिन रिक्तिकेत जाते का, हे पाहायचे असेल तर रोपे तीन-चार तास अंधारात ठेवा. जीएफपी (प्रथिनाला जोडलेले हिरवे चमकणारे प्रथिन) उजेडात रिक्तिकेतल्या आम्लात आणि पाचक एन्झाइमांत लवकर संपते, अंधारात टिकते. उजेडात रिक्तिका काळी दिसली म्हणून तिथे काही गेलेच नाही, असा निष्कर्ष काढू नका.

पाहायचे कुठे, तेही सांगतो. चार-पाच दिवसांच्या रोपाच्या मुळाचे टोक, विभाजन चाललेल्या भागातली बाह्यत्वचा. तिथे रिक्तिका लहान आणि पेशीद्रव्य दाट असते. वर सरकलात की रिक्तिका पेशीचा बहुतेक भाग व्यापते, पेशीद्रव्य कागदासारखे पातळ होते आणि पेशीपटल, रिक्तिकेचे पटल, शेजारच्या पेशीचे पटल सगळे एका रेषेत येतात. सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास, तिला हे वेगळे करता येत नाही. शंका आली तर मॅनिटॉलच्या दाट द्रावणात पेशी आकसवा, पटल भिंतीपासून सुटते आणि रेषा वेगळ्या होतात. पण लक्षात ठेवा, तेव्हा दाबही गेलेला असतो, म्हणून त्या चित्रांवर एन्डोसायटोसिसचा वेग मोजायचा नाही.

काचपट्टीवर मूळ ठेवल्यापासूनची वेळ वहीत लिहा. आच्छादक काचेखाली पाणी आटते, प्राणवायू कमी होतो आणि पंधरा-वीस मिनिटांत पुटिकांची हालचाल मंदावते. पहिल्या रोपाचे चित्र तिसऱ्या मिनिटाला आणि शेवटच्याचे पंचविसाव्या मिनिटाला घेतले, तर फरक तुमच्या उपचाराचा की वेळेचा, ते सांगता येणार नाही. एका वेळी तीनच मुळे ठेवा, साधी आणि उपचार केलेली आलटून पालटून घ्या, आणि ठिपके मोजणाऱ्याला कोणते मूळ कोणते ते कळू देऊ नका.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा: सायक्लोहेक्सिमाइडसह ब्रेफेल्डिन, आणि धुतल्यानंतरची परती. गोळे टिकले आणि धुतल्यावर विरले, तर एपी-२ ची रोपे मागवा. गोळे टिकले नाहीत, तर तुमचे प्रथिन पटलावर पोचते कसे, हा प्रश्न हाती आला आहे. तोही पूर्ण प्रबंधाच्या तोलाचा आहे.